सुरंगीची साल, घरी राहिलेली चाल

झाड आलं होतं, पण ते कुठेच दिसत नव्हतं.

मृण्मयी मंडपाच्या मधोमध उभी राहून गोल फिरली. वर पाहिलं, वाकून पाहिलं, भिंतीपाशी जाऊन पाहिलं. मंडप आपला रिकामाच.

"टाळ्या, खरंच आलंय ना?"

"आलं आहे, मृणूताई. पृथ्वीवरून निघालं आणि एकवीस मिनिटांत सगळं उतरलं," टाळ्या म्हणाला. "बारा लाख त्रिकोण मी स्वतः मोजून घेतले. एकही कमी नाही."

टाळ्या म्हणजे मंडप सांभाळणारा यंत्रमानव. बोलताना त्याचे दोन पोलादी तळवे एकमेकांवर आपटायचे आणि छान टाळांसारखा आवाज यायचा, म्हणून पोरांनी त्याचं हे नाव ठेवलं होतं. त्याचं खरं नाव सतरा आकड्यांचं होतं. ते त्याला एकट्यालाच पाठ होतं.

"अरे, मग मला का दिसत नाही? आंधळी झाले का मी?"

"डोळ्यांची तपासणी मागच्या आठवड्यात झाली. ठीक आहेत," टाळ्या गंभीरपणे म्हणाला.

हे सगळं चाललं होतं चंद्रावर, शीतलवाडीत. एकशे चाळीस माणसांची वस्ती, एक शाळा, एक दवाखाना, भाजीचा मळा, आणि अवकाशातल्या किरणांपासून बचाव व्हावा म्हणून छपरावर दोन पुरुष जाडीचा चांद्रमातीचा थर. इथे एकदा सूर्य उगवला की चौदा दिवस मावळायचं नाव घेत नाही. म्हणून वाडीची घड्याळं गावाकडची वेळ दाखवायची आणि सण गावाकडच्या पंचांगाप्रमाणे व्हायचे. मृण्मयी अकरा वर्षांची. नावाचा अर्थ मातीची, पण जन्म चंद्रावरचा. पृथ्वीची माती तिने कधी पायाखाली घेतलेली नव्हती. पृथ्वी तिला दिसायची ती मंडपाच्या उंच खिडकीतून, निळी, पांढुरकी, आणि देव्हाऱ्यातल्या समईसारखी एकाच जागी तेवणारी. चंद्राच्या आकाशात पृथ्वी उगवत नाही की मावळत नाही. असते.

आज रामनवमी होती. दहा वाजता कीर्तन, बारा वाजता रामजन्म. आणि कीर्तनाला उभे राहणार होते मृण्मयीचे आजोबा, तिकडे कोकणात खारवण्याला, आपल्या घरातून. प्रकाशमंडपात ते जसेच्या तसे दिसणार होते. प्रकाशमंडप म्हणजे शेकडो बारीक प्रकाशझोत हवेत एकमेकांना भेटवून त्रिमिती (लांबी, रुंदी आणि उंची, तिन्ही असलेली) दृश्यं उभी करणारं सभागृह. मनात आणलं तर इथे समुद्र उभा राही, हत्ती उभा राही. आज उभं राहायचं होतं एक झाड.

त्या झाडाची हकीकत अशी. मृण्मयीचे आजोबा, यशवंतबुवा तेंडोलकर, चाळीस वर्षं वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि पन्नास वर्षं कीर्तनकार. सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि संध्याकाळी देवापुढे हात जोडायचे, यात त्यांना कधी दोन घरं वाटली नाहीत. "पानाच्या शिरा बघितल्यावर ज्याचे हात जुळत नाहीत, त्याने पान नीट बघितलेलंच नाही," असं ते म्हणत. खारवण्याच्या राममंदिराच्या अंगणात सुरंगीचं झाड होतं. सुरंगीची फुलं शेंड्यावर नाही, थेट जुन्या फांद्यांच्या लाकडातून फुटतात. पांढऱ्या पाकळ्या, आत पिवळ्या केसरांचा झुबका, आणि वास असा की वाट चुकलेला माणूस त्या वासाने देवळात पोचावा. त्या झाडाखाली बुवांचं रामनवमीचं कीर्तन कधी चुकलं नव्हतं.

आणि गेल्या ज्येष्ठातल्या वादळात ते झाड आडवं झालं.

बुवांनी वर्षानुवर्षं त्याचे हजारो फोटो काढून ठेवले होते. पावसाळाभर घरात बसून, त्या फोटोंवरून त्यांनी 'अंकुर' नावाच्या प्रोग्रॅममध्ये सुरंगी पुन्हा घडवली, फांदीला फांदी लावून. पण कीर्तनाचं नाव काढलं की म्हणायचे, "आता नको. ते झाड उभं राहील तेव्हा मी उभा राहीन." गावाने समजून घेतलं, की झालं, बुवांचं कीर्तन संपलं. मृण्मयीला मात्र असली समज अजून आलेली नव्हती. ती म्हणाली, "मग आमच्या मंडपात उभं करूया की, आजोबा!" बुवा म्हणाले होते, "तू झाड उभं कर गो. मी कीर्तनाचं पागोटं बाहेर काढतो."

आता पावणेआठ वाजले होते. आणि झाड दिसत नव्हतं.

"बरं, टाळ्या, झाड केवढं आहे?"

"उंची बाराशे."

"बाराशे काय?"

"नुसतं बाराशे. फाईलमध्ये पुढे काही लिहिलेलं नाही. आपला मंडप मीटरमध्ये मोजतो, तेव्हा बाराशे मीटर."

मृण्मयी कपाळावर हात मारून घेणार होती, पण तिला हसूच फुटलं. "अरे शहाण्या! सव्वा किलोमीटर उंच झाड असतं का कुठे? आजोबांचा 'अंकुर' सेंटिमीटरमध्ये मोजतो. बाराशे सेंटिमीटर म्हणजे बारा मीटर. तू शंभरपट मोठं उभं केलंस."

"मी काही केलं नाही. आकडा पाठवला, एकक (कशात मोजलं ते) पाठवलं नाही. आकडा तसाच घेतला," टाळ्या म्हणाला.

"म्हणजे आपण आत्ता कुठे उभे आहोत?"

"खोडाच्या पोटात. सत्तर मीटर जाड खोड आहे. आपला मंडप वीस मीटरचा."

"मग आतून लाकूड का नाही दिसत?"

"आत लाकूड नसतंच, ताई. संगणकातलं झाड भरीव नसतं, ते नुसतं कवच असतं, त्रिकोणांचे तुकडे एकमेकांना जोडून केलेलं. आणि प्रत्येक तुकड्याला बाहेरच्या बाजूने तोंड असतं. पाठीकडून कोण बघतंय म्हणून ती बाजू मंडप काढतच नाही."

मृण्मयीला वाडीच्या गणपतीचं मखर आठवलं. पुढून महिरप, वेलबुट्टी, सोनेरी कळस. आणि ती एकदा चेंडू शोधायला मागे गेली तर नुसता उघडा पुठ्ठा. झाडाच्या पोटात शिरून झाड शोधत होतो आपण, तिला वाटलं. आजोबा गप्पांत देवाबद्दल असलंच काहीतरी सांगायचे.

"भाग शंभराने."

टाळ्याने टाळ वाजवले. आणि मंडपात झाड दिसलं.

दिसलं, पण उभं नव्हतं. ते जमिनीवर आडवं पडलं होतं. मुळं एका भिंतीकडे, शेंडा दुसऱ्या भिंतीकडे, आणि अर्धं खोड फरशीत बुडालेलं. वर रंगाचा ठिपका नाही. चुलीतल्या थंड राखेसारखं राखाडी.

नेमक्या त्याच क्षणी पडदा उजळला. आजोबा. बंडी घातलेले, मागे खुंटीवर काळं पागोटं. "काय गो मृणू, पोचली का आमची सुर..."

वाक्य अर्धंच राहिलं. पृथ्वीवरून आवाज चंद्रावर यायला सव्वा सेकंदाहून जरा जास्त लागतो, आणि परत जायला तेवढाच. एरवी मृण्मयी त्या फटीत श्वास घ्यायची. आज तिला श्वास घेता आला नाही. आजोबांची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली होती.

"असंच," ते हळूच म्हणाले. "असंच पडलं होतं. तोंड याच दिशेला."

"आजोबा, ते पडलेलं नाहीये, ते फक्त..."

पण तिचे शब्द तिकडे पोचायच्या आत ते उठले होते. पडद्यावर खुर्ची राहिली, खुंटी राहिली, खुंटीवरचं पागोटं राहिलं. मग पडदाही विझला.

मृण्मयीच्या डोळ्यांत पाणी आलं. चंद्रावर पाणी गालावरून फार सावकाश ओघळतं. तिने ते मध्येच पुसून टाकलं.

"का पडलं रे ते?"

"पडलं नाही, ताई. त्याला वर कुठे आहे ते कळलं नाही." टाळ्या तिच्याजवळ येऊन बसला, म्हणजे त्याने पाय आत घेतले. "झाडाच्या प्रत्येक बिंदूची जागा तीन आकड्यांनी सांगतात. शेंड्याचा हा बिंदू बघा. तीन, पाच, बाराशे. 'अंकुर'मध्ये तिसरा आकडा म्हणजे उंची. आपल्या मंडपाच्या 'अंगण' प्रोग्रॅममध्ये दुसरा आकडा म्हणजे उंची आणि तिसरा म्हणजे पुढे-मागे. मग बाराशेची उंची कुठे गेली?"

"पुढे-मागे गेली," मृण्मयी नाक ओढत म्हणाली. "पान वाढण्यासारखं आहे हे. मीठ वर मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, ठरलेलं असतं. पण पानच कुणी आडवं मांडलं आणि वाढणाऱ्याने आपल्या सवयीने वाढलं..."

"तर पदार्थ तेच, पण जेवणारा गोंधळेल."

"तू कधी जेवलायस रे?"

"वाढलं आहे. पुष्कळ वेळा."

मृण्मयी उठली. झाडाला तिने पाव वळसा द्यायला सांगितला. मुळं खाली गेली, शेंडा वर गेला, आणि मंडप भरून फांद्या पसरल्या. उभं राहिलं! बारा मीटरचं, छताला टेकेल न टेकेल असं. पण रंगाविना. रंगकाम व्हायच्या आधी कारखान्यात ओळीने मूर्ती असतात ना, डोळे न उघडलेल्या, तसं.

आजोबांना आत्ता दाखवावं? छे. राखेचं झाड दाखवून काय करायचं?

"मी तयार साल चढवू का?" टाळ्याने विचारलं. "माझ्याकडे चारशे बारा प्रकारच्या साली आहेत. तीन सेकंदांत होईल."

"नाही!" मृण्मयी इतक्या जोरात म्हणाली की टाळ्याचे टाळ आपोआप वाजले. "अरे, ती सुरंगीच कशी राहील? आजोबांच्या सुरंगीवर पांढरी दगडफुलं आहेत. घंटेच्या दोरीने पडलेला घळ आहे. आणि खाली, बसलं की पाठ टेकते तिथे, साल गुळगुळीत झालेली आहे. तीन पिढ्यांची माणसं तिथे पाठ टेकून कीर्तन ऐकायची. आजोबा म्हणतात, ते झाडाला ऐकणाऱ्यांनी दिलेलं पॉलिश आहे. ते कुठून आणशील तू?"

टाळ्याने चारशे बारा साली परत ठेवून दिल्या.

"मग त्या खऱ्या सालीची चित्रं कुठे आहेत? आजोबांनी पाठवली नाहीत?"

"झाडाच्या फाईलमध्ये चित्रं नसतात, ताई. चित्रं कुठे आहेत त्याचा पत्ता असतो. वाचतो: आजोबांचा संगणक, देवळाची कामं, सुरंगी, सुरंगी नवीन, सुरंगी शेवटची, सुरंगी शेवटची खरी, साल." टाळ्याने तळवे मिटले. "या पत्त्यावर मी जाऊन आलो. आपल्या मंडपात असं काही नाही. चित्र सापडलं नाही की मंडप राखाडी रंग देतो."

मृण्मयीने आजोबांना हाक दिली. पडदा उजळला नाही. पुन्हा दिली. उत्तर नाही. साडेआठ वाजले. बाहेर मुलं फुलांच्या माळा बांधायला लागली होती. मळ्यातला झेंडू, दुसरं फूल वाडीत नव्हतं.

ती राखाडी झाडाखाली बसली, गुडघे पोटाशी घेऊन. जवळ आजोबांच्या कीर्तनाच्या वहीची प्रत होती. आई चंद्रावर आली तेव्हा ती आवर्जून बरोबर घेऊन आली होती. आज मृण्मयी आजोबांच्या मागे उभी राहून पद म्हणणार होती, झिलकऱ्यासारखी. काल शब्द पाठ केले होते. उगाच मन गुंतवायला तिने वही उघडली. आजोबांच्या बाकदार अक्षरात लिहिलं होतं:

*दार माझे थोटके, आत आभाळ मावे,*
*हाक देता एकदा, देवाने धावत यावे.*

आणि वर कोपऱ्यात, शाईने अधोरेखित: "चाल – नेहमीचीच."

मृण्मयी वाचत राहिली. नेहमीचीच म्हणजे कुठली? शब्द सगळे होते. एक काना कमी नव्हता. पण चाल इथे नव्हती. चाल कुठे आहे ते सांगणारे दोन शब्द होते. खारवण्यात कुणालाही विचारा, नेहमीची चाल म्हणजे कुठली ते लहान पोरसुद्धा गाऊन दाखवेल. इथे, पावणेचार लाखांहून जास्त किलोमीटर दूर, त्या दोन शब्दांना आईशिवाय कुणी ओळखत नव्हतं, आणि आईला सूर धरता येत नसे.

ती ताडकन उभी राहिली, इतकी ताडकन की चंद्राच्या हलक्या ओढीमुळे दोन हात वर उडालीच.

"टाळ्या! पद आलं आणि चाल घरी राहिली!"

"मला कळलं नाही."

"झाडाचंही तेच झालंय! आकार आला, आणि पोत (पृष्ठभागाचा रंग आणि खडबडीतपणा) घरी राहिला. पत्ता बरोबर आहे, पण तो त्यांच्या घरातून निघणाऱ्या माणसासाठी आहे. ही काय चूक नाही रे. घरातल्या घरात कोण सांगतं पूर्ण? आई मला 'वरच्या फळीवरचं आण' एवढंच म्हणते."

तिने पुन्हा निरोप ठेवला. पण या वेळी झाडाबद्दल अक्षर काढलं नाही.

"आजोबा, मी मृणू. आज तुमच्या मागे मला पद म्हणायचंय. 'दार माझे थोटके.' वहीत लिहिलंय, चाल नेहमीचीच. पण आजोबा, मला नेहमीची माहीत नाही. मी इथेच जन्मले ना. एकदा म्हणून दाखवाल का?"

मग ती थांबली. खिडकीतली पृथ्वी जिथे होती तिथेच होती. एक मिनिट गेलं, दोन गेली, सात गेली.

पडदा उजळला. आजोबांचे डोळे लाल होते. त्यांनी झाडाकडे पाहिलंच नाही, डोळे मिटले आणि मांडीवर बोटांनी ठेका धरला. मग गायले. आवाज आधी चरचरला, मग मोकळा झाला. 'आत आभाळ मावे' म्हणताना चाल एकदम वर चढत होती आणि 'धावत यावे'ला पावलं टाकल्यासारखी खाली उतरत होती. मृण्मयीने कधी ऐकली नव्हती, तरी तिला वाटलं, दुसरी कुठली असणारच नाही.

"आता तू म्हण," आजोबा म्हणाले.

ती म्हणाली. तिचा सूर तिकडे पोचेपर्यंत आजोबांचा चेहरा नुसता वाट पाहत होता. मग एकदम फुलला. "अगदी! 'आभाळा'ला जरा घाई केलीस, बाकी अगदी!"

"आजोबा, ही चाल तुम्ही वहीत घातलीच नव्हती. सालीचंही तसंच झालंय. तुमच्या 'सुरंगी शेवटची खरी'मध्ये राहिलीय."

दोन सेकंद. अडीच. आणि मग आजोबा असे हसले की खोकला लागला. "अरे देवा! चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं, नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवाल तर त्याची सगळी माहिती त्याच्याबरोबर बांधा. आणि स्वतःच्या झाडाला वाटेला लावलं ते अंगावर कपड्याशिवाय! थांब, थांब हां."

खुर्ची सरकली. आता ते आजोबा नव्हते, प्रयोगशाळेतले तेंडोलकर सर होते.

"हे बघ, मी झाड आणि सगळी चित्रं एकाच डब्यात भरतो. आणि पत्ता बदलतो. 'माझ्या संगणकातलं अमुक कपाट' असं नाही लिहायचं. 'याच डब्यात, शेजारच्या कप्प्यात' असं लिहायचं. याला सापेक्ष पत्ता (आपण जिथे असू तिथून मोजलेला) म्हणतात. डबा चंद्रावर उघडा नाहीतर मंगळावर, शेजारचा कप्पा शेजारीच असणार."

"पण आजोबा, चित्रं आली तरी कुठलं कुठे लावायचं हे झाडाला कसं कळणार? घळ शेंड्यावर गेला तर?"

"शाबास! मृदंगाची गवसणी पाहिलीस ना तू? तुमच्या मृदंगाला आजीने शिवलेली?"

"हो, लाल खणाची."

"मृदंग गोल, कापड सपाट. आजीने काय केलं? मृदंगाचं अंग मनात उलगडून सपाट केलं, तसे तुकडे बेतले, आणि खडूने खुणा केल्या, की ही खूण त्या कडेला. खोडाचंही तेच. मी त्याचं अंग सपाट उलगडलं आहे. प्रत्येक बिंदूला जागेचे तीन आकडे आहेत, ते तुला ठाऊक झाले. त्याशिवाय आणखी दोन आकडे आहेत, खडूच्या खुणेसारखे: चित्रावर डावीकडून किती आणि खालून किती. ते आकडे झाडाबरोबर आधीच तुझ्याकडे पोचलेत. बिचारे गवसणीची वाट बघत बसलेत."

डबा उतरला तेव्हा सव्वानऊ झाले होते. टाळ्याने तो उघडला, आणि राखाडी खोडावर खालून वर रंग चढत गेला, भरतीचं पाणी खाडीत चढतं तसा. काळपट तपकिरी साल, पांढरी दगडफुलं, घंटेच्या दोरीचा घळ. सगळं जिथल्या तिथे. मृण्मयीने टाळ्याचे दोन्ही हात धरून वाजवले.

मग ती वर बघून किंचाळली. "हे काय!"

झाडाला पानं नव्हती. पानांच्या जागी हजारो चौकोन लटकत होते, काळे, आणि प्रत्येक काळ्या चौकोनाच्या मध्ये एक हिरवं पान चिकटवलेलं.

तिकडे आजोबा गालातल्या गालात हसत होते. "घाबरू नको. एकेक पान कोरून घडवलं असतं तर त्रिकोण कोटीच्या घरात गेले असते. म्हणून मी चौकोनी पट्टीवर पानाचं चित्र लावतो, आणि सोबत एक काळं-पांढरं चित्र देतो. पांढरं तिथे दिसायचं, काळं तिथे नाहीसं व्हायचं. ते डब्यात आहे. पण तुमच्या 'अंगणा'ला ते कशासाठी आहे हे कळलेलं दिसत नाही. तुझं तू सांग त्याला."

मृण्मयीने क्षणभर विचार केला. "रांगोळीचा छाप! पत्र्याला भोकं असतात, तिथूनच रांगोळी पडते. बाकीचा पत्रा अडवतो. टाळ्या, ते काळं-पांढरं चित्र रंगाचं नाहीये, छापाचं आहे. पारदर्शकतेच्या (आरपार दिसण्याच्या) घरात लाव."

काळे चौकोन विरून गेले. पानं सुटी झाली, फांद्यांच्या लाकडातून फुलांचे झुबके उजळले, आणि पानांच्या फटीतून खिडकीतली पृथ्वी दिसली. मंडपात फुलांच्या माळा घेऊन शिरलेली मुलं जागच्या जागी थांबली. त्यांच्यापैकी कुणीच कधी झाड पाहिलेलं नव्हतं. एक लहानगा हळूच म्हणाला, "हे हलतं?" ते हलत होतं.

आजोबा पडद्याजवळ सरकून पाहत होते. चष्मा काढला, पुसला, लावला. मग कपाळाला आठी पडली.

"मृणू, माझी पाठ कुठे गेली?"

"तुमची पाठ?"

"खाली. पाठ टेकायची जागा. सगळं झाड तेल लावल्यासारखं चकाकतंय, आणि तेवढीच जागा खरखरीत दिसतेय. उलटंच झालं हे."

दहाला बारा कमी. मृण्मयीने डबा पुन्हा पाहिला. आणखी एक काळं-पांढरं चित्र होतं, बहुतेक सगळं काळं, आणि खाली पांढरा डाग, माणसाच्या पाठीएवढा. "आजोबा, यात पांढरं म्हणजे काय?"

"पांढरं म्हणजे गुळगुळीत."

"'अंगणा'त पांढरं म्हणजे खरखरीत," टाळ्या म्हणाला.

"मग काळ्याचं पांढरं कर, पांढऱ्याचं काळं!" आजोबा आणि नात एकदम म्हणाले, म्हणजे आजोबा तिच्या आधी म्हणाले होते, पण आवाज एकाच वेळी मंडपात पोचला.

झाडाचं तेल उतरलं. आणि बुंध्यापाशी, बसत्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला, सालीवर मंद चकाकी आली. तीन पिढ्यांची. आजोबांनी मागे हात नेला, न बघता खुंटीवरचं पागोटं काढलं आणि डोक्यावर ठेवलं.

दहा वाजता शीतलवाडीच्या मंडपात, सुरंगीखाली, यशवंतबुवा उभे राहिले. पायाशी प्रकाशाचं अंगण, मागे वहीशिवाय उभी मृण्मयी, बाजूला टाळ धरायला टाळ्या. त्याला टाळांची गरज नव्हती. बुवांनी गजर धरला. एकशे चाळीस माणसांनी झेलला, तो पृथ्वीवर पोचून बुवांना ऐकू येईपर्यंत अडीच सेकंद गेले. "चंद्रावरचे श्रोते," बुवा म्हणाले, "भक्तीत पुढे, पण गजरात मागे हो!" मंडप हसला, आणि ते हसूही बुवांपर्यंत उशिराच पोचलं. पुढे त्यांनी त्या फटीलाच तालात बसवून घेतलं. 'हाक देता एकदा' म्हणायचे आणि थांबायचे. त्या शांततेत मृण्मयी 'देवाने धावत यावे' म्हणायची. हाक खरंच लांब जात असल्यासारखी वाटायची.

बारा वाजले. पाळण्याची दोरी ओढली. बुवांनी झाडात आधीच योजून ठेवलं होतं, की रामजन्माच्या क्षणी फुलांचा सडा पडावा. खारवण्यात पडायचा तसा.

फुलं सुटली. पण पडली नाहीत.

म्हणजे पडत होती, अगदी सावकाश. मंडप वस्तूंचं पडणं इथल्या गुरुत्वाकर्षणावरून (खाली ओढणाऱ्या बळावरून) ठरवायचा, आणि चंद्राची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढीच. खारवण्यात जे फूल सव्वा सेकंदात अंगणात पडलं असतं, ते इथे तीन सेकंद हवेत होतं. एका मागून एक, पांढरी-पिवळी, जणू त्यांना खाली यायची घाई नाही आणि वर राहायचा हट्ट नाही. मुलांनी हात पसरले.

"दुरुस्त करू का?" टाळ्याने कुजबुजत विचारलं. "पृथ्वीची ओढ लावता येईल."

तिकडे खारवण्यात बुवांनी ते सव्वा सेकंदाने ऐकलं. त्यांचे हात जोडलेलेच होते. "नको रे बाबा," ते म्हणाले. "इतकी वर्षं फुलं पडताना पाहिली. अशी सवडीने कधी पाहिली नव्हती. तिथे गेल्यावर झाड तिथलंही थोडं झालं पाहिजे की नाही?"

प्रसादाचा सुंठवडा वाटून झाल्यावर मृण्मयी बुंध्यापाशी बसली. पाठ टेकायला गेली आणि आरपार गेली, कारण प्रकाशाला पाठ टेकता येत नाही. ती हसली आणि ताठ बसली.

"आजोबा, वास नाही आला."

"वासाचं चित्र अजून कुणाला काढता आलेलं नाही गो. त्याला किती आकडे लागतील, ते कुठल्या कप्प्यात ठेवायचे, कुणालाच ठाऊक नाही." त्यांनी पागोटं उतरवून मांडीवर ठेवलं. "इथे देवळाच्या अंगणात उरलेल्या बुंध्याला नवे फुटवे आलेत. आज सकाळी रागारागाने बाहेर गेलो ना, तेव्हा दिसले. सात-आठ वर्षांत फुलतील. तू तोवर एकोणीस वर्षांची होशील."

"म्हणजे वासाचं शोधायला सात-आठ वर्षं आहेत," मृण्मयी म्हणाली.

तिने वही उघडली. 'चाल – नेहमीचीच' या शब्दांवर काट मारली नाही. ते आजोबांचं अक्षर होतं. तिने खाली जागा करून पदाची एकेक ओळ पुन्हा लिहिली, आणि प्रत्येक अक्षरावर त्याचा सूर मांडला, मात्रांच्या खुणा केल्या, 'आभाळा'ला घाई करू नये असंही बारीक अक्षरात लिहिलं. ही वही पुढे कुणीतरी मंगळावर उघडेल. त्याला खारवणं माहीत नसेल, शीतलवाडी माहीत नसेल, मृणू माहीत नसेल. तरी त्याला गाता आलं पाहिजे.